शिंपल्याचे पाणी : ओखामंडळापासून घरातल्या काचपेटीपर्यंत

स्वाती नक्षत्रात पडणारा पावसाचा थेंब शिंपल्यात शिरला की त्याचा मोती होतो, ही समजूत आपल्या वाङ्मयात फार जुनी आहे. भर्तृहरीने ती संगतीचा महिमा सांगण्यासाठी वापरली आणि वामनपंडितांच्या मराठी अनुवादामुळे ती आपल्या घराघरांत पोचली. कल्पना रम्य आहे, यात शंका नाही. परंतु प्रत्यक्ष शिंपल्याला विचारता आले असते, तर त्याने तिला संमती दिली नसती. समुद्राच्या शिंपल्याला पावसाचे पाणी मानवत नाही. पहिल्या मोठ्या सरींनंतर खाडीचे पाणी गोडे होऊ लागले की तो आपल्या दोन्ही झडपा घट्ट मिटून घेतो, खाणे थांबवतो आणि खारेपणा परतण्याची वाट पाहत पडून राहतो. ही वाट फार लांबली तर तो मरतो. कवीने ज्या थेंबात मोती पाहिला, त्याच थेंबात शिंपल्याला संकट दिसते.

या जुन्या कल्पनेची आठवण होण्याचे कारण आजचे आहे. गेल्या काही वर्षांत सुरतेतील सुखवस्तू घरांच्या दिवाणखान्यांत आणि व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर गोड्या पाण्यातील सोनमाशांबरोबरच खाऱ्या पाण्याच्या काचपेट्याही दिसू लागल्या आहेत. निळा प्रकाश, रंगीत मासे आणि खडकाच्या कपारीत उघडमीट करणारा एखादा शिंपला, असे ते दृश्य असते. मासे काही महिने टिकतात. शिंपला मात्र बहुधा लवकर जातो. मालक हळहळतो आणि दुसरा आणतो. या मृत्यूमागे दैव नाही. तो का मेला, याचे उत्तर गेल्या पावणेदोनशे वर्षांत माणसाने टप्प्याटप्प्याने शोधले आहे, आणि त्या शोधातील एक महत्त्वाचे प्रकरण आपल्याच गायकवाडी राज्यात लिहिले गेले. सोनगढ, व्यारा, नवसारी, बिलिमोरा या गावांशी पिढ्यान् पिढ्या संबंध असलेल्या आपल्या घराण्यांना ते ठाऊक असावे, हा या लेखाचा हेतू.

एका वाक्यात सांगायचे तर शिंपला राखणे म्हणजे पाणी राखणे. पुढील सारा इतिहास हा या एका वाक्याचाच विस्तार आहे.

हा प्राणी जगतो कसा

आपण कोकणातून आलेले असू वा खानदेशातून, शिंपल्याची ओळख बहुतेकांना ताटातूनच झालेली असते. तिसऱ्या, मुळे, कालवे, शिणाणे, गोव्याकडचे खुबे ही सारी एकाच कुळातील मंडळी. दोन झडपांच्या आत मऊ देह, त्याभोवती प्रावार नावाचा पातळ पडदा आणि पडद्याच्या आत मोठाले कल्ले. हा पडदाच पाण्यातील चुना घेऊन कवच वाढवतो. बाहेरचा कण आत अडकला तर त्याभोवती थरावर थर चढवून मोती घडवतो, तोही हाच.

शिंपला शिकार करीत नाही, चरतही नाही. तो एका बाजूने पाणी आत ओढतो, कल्ल्यांवरून गाळतो, त्यातील सूक्ष्म वनस्पती व सेंद्रिय कण तोंडाकडे सारतो आणि उरलेले पाणी दुसऱ्या बाजूने सोडतो. श्वास आणि अन्न दोन्ही एकाच प्रवाहातून मिळतात. त्यामुळे पाण्यात जे असेल ते त्याच्या देहातून जाते. माशाला नको असलेले अन्न टाळता येते, वाईट पाण्यापासून थोडे दूर पळताही येते. शिंपल्याला झडपा मिटणे एवढाच उपाय आहे, आणि तो उपाय म्हणजे उपासमार. १९७५ मध्ये एडवर्ड गोल्डबर्ग या शास्त्रज्ञाने किनाऱ्यांवरील प्रदूषण मोजण्यासाठी शिणाण्यांचाच उपयोग करावा अशी योजना मांडली, ती याच गुणामुळे. शिंपला हा पाण्याचा साक्षीदार आहे आणि त्याची साक्ष फिरवता येत नाही.

काचेतला पहिला समुद्र

समुद्राचा तुकडा घरात आणण्याची हौस एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडात सुरू झाली. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या पात्रात सोनमासे, एक पाणवनस्पती आणि गोगलगाई ठेवून दाखवून दिले की वनस्पती प्राणवायू देते, मासा त्यावर जगतो आणि कुजलेल्या पानांचा निकाल गोगलगाई लावते. जलजीवालय म्हणजे नुसते भांडे नव्हे, तो एक समतोल आहे, हा विचार तेथे जन्मला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह उघडले आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकाने ही हौस घरोघर नेली. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल करण्याची कृतीही गॉस यांनी त्याच सुमारास प्रसिद्ध केली.

ही लाट काही वर्षांतच ओसरली, कारण प्राणी मरत होते. का मरत होते, ते कळण्यास दोन शोध लागावे लागले. 'चॅलेंजर' या जहाजाने जगभरातून आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार यांनी तपासले आणि १८८४ मध्ये दाखवून दिले की महासागराचे पाणी कमीअधिक खारट असले तरी त्यातील मुख्य क्षारांचे परस्पर प्रमाण जवळजवळ सर्वत्र सारखेच असते. यामुळे कृत्रिम समुद्रजलाला शास्त्रीय पाया मिळाला. पुढे १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की यांनी अमोनियाचे नायट्राइटमध्ये व नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू वेगळे करून दाखविले. प्राण्यांच्या विष्ठेतून व उरल्या अन्नातून निर्माण होणारा अमोनिया हे बंद पेटीतील पहिले विष. ते निवविणारे हे अदृश्य सेवक वाळूत आणि खडकांवर वस्ती करतात. नवी पेटी भरली आणि दुसऱ्याच दिवशी शिंपला सोडला तर तो मरतो, कारण ही वस्ती व्हायला कित्येक आठवडे लागतात. आजही दुकानातून पेटीबरोबरच प्राणी उचलून आणणारे गृहस्थ विनोग्राद्स्कींच्या आधीच्या काळात वावरत असतात, असे म्हणावे लागते.

गायकवाडी राज्यातील पाहणी

आता आपल्या प्रांताकडे वळू. सौराष्ट्राच्या पश्चिम टोकाशी द्वारका आणि बेट शंखोद्धार यांचा समावेश असलेला ओखामंडळाचा प्रदेश एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात गायकवाडांकडे आला. बडोद्यापासून दूर, पाण्याचे दुर्भिक्ष्य असलेला आणि वाघेरांच्या उठावांमुळे कायम अशांत राहिलेला हा मुलूख दरबाराला उत्पन्नापेक्षा खर्चच अधिक देत असे. परंतु त्याला समुद्र लाभला होता. पूर्वेस जामनगरच्या किनाऱ्यावरील खडकाळ उथळ भागांत, ज्यांना तेथे 'खाडा' म्हणतात, मोत्याचे शिंपले सापडत आणि त्यांचे उत्पन्न नवानगरच्या जामसाहेबांकडे जाई. आपल्या किनाऱ्याला असे काही आहे काय, असा प्रश्न बडोद्याला पडणे स्वाभाविक होते.

मालेगाव तालुक्यातील कवळाण्याच्या शेतकरी कुटुंबातून १८७५ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसलेल्या सयाजीराव महाराजांचा काळ हा. त्यांच्या सरकारने १९०५-०६ मध्ये जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञाकडून ओखामंडळाच्या समुद्राची पाहणी करविली. हॉर्नेल यांनी त्याआधी प्राध्यापक हर्डमन यांच्यासमवेत सिंहलद्वीपातील मोत्यांच्या शिंपल्यांचा अभ्यास केला होता. त्यांच्या पाहणीचा अहवाल बडोदे सरकारसाठी दोन भागांत, १९०९ व १९१६ मध्ये, लंडनहून प्रसिद्ध झाला. स्पंजांपासून कृमींपर्यंत वेगवेगळ्या प्राणिसमूहांवर त्या त्या विषयातील तज्ज्ञांची प्रकरणे त्यात आहेत. दुसऱ्या भागात भारतीय शंख आणि हिंदूंचे धर्मजीवन यांवर खुद्द हॉर्नेल यांचा विस्तृत निबंध आहे. ज्या बेटाच्या नावातच शंख आहे, त्या बेटाच्या निमित्ताने तो लिहिला जावा हे उचितच झाले.

पाहणीत एक प्राणी ठळकपणे पुढे आला, तो म्हणजे खिडकीचा शिंपला. शास्त्रीय नाव प्लाक्युना. तळहाताएवढा, चपटा, अभ्रकासारखा पारभासक. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांत लाकडी चौकटींमधून जे पांढुरके तुकडे बसविलेले दिसतात, ते याच शिंपल्याचे. काच महाग होती त्या काळात उजेड आत घेण्याची आणि ऊन बाहेर ठेवण्याची ही युक्ती होती. ओखामंडळाच्या शांत, चिखलट खाड्यांत हा शिंपला आढळला. त्यातील मोती बारीक आणि शिसवी रंगाचे असतात. दागिन्यांपेक्षा वैद्यांच्या मौक्तिकभस्मासाठी त्यांना मागणी असे.

प्रस्तुत लेखकाचे आयुष्य सरकारी टिपणे लिहिण्यात आणि वाचण्यात गेले. त्या सवयीने या प्रकरणाकडे पाहिले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. उत्पन्नाचा प्रश्न हातात असताना दरबाराने थेट मक्त्याचा लिलाव पुकारला नाही. आधी समुद्रात काय आहे, कोणत्या तळावर आहे आणि कोणत्या पाण्यात आहे, हे नोंदवून घेतले. मोत्याचा शिंपला खडकाळ तळ आणि खेळते, स्वच्छ पाणी मागतो. खिडकीचा शिंपला शांत चिखल मागतो. एकाच आखातात, काही कोसांच्या अंतरावर, दोघांची पाणी वेगळी. एकाला दुसऱ्याच्या जागी नेऊन ठेवले तर दोघेही जगणार नाहीत. 'शिंपला' असा एकच प्राणी नाही आणि 'खारे पाणी' असे एकच पाणी नाही, हे घरी पेटी ठेवणाऱ्याने शिकावयाचे पहिले सूत्र शंभर वर्षांपूर्वीच्या या अहवालातून सहज हाती लागते.

या कामाचा धागा पुढेही तुटला नाही. १९५४ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात एस. व्ही. गोखले व त्यांचे सहकारी ईश्वरन आणि नरसिंहन यांनी कच्छच्या आखातातील मोत्याच्या शिंपल्याच्या वाढीचा वेग आणि १९५३ चा मोतीहंगाम यांवर निबंध प्रसिद्ध केला. शिंपला किती वर्षांत किती वाढतो हे ठाऊक असल्याखेरीज किती काढावा हे ठरविता येत नाही, हा त्यामागील विचार.

मद्रास, मुंबई, रत्नागिरी

भारतात समुद्रजीवांचे सार्वजनिक जलजीवालय प्रथम १९०९ मध्ये मद्रासला उघडले. मुंबईला त्यासाठी १९५१ पर्यंत थांबावे लागले. तारापोरवाला यांच्या देणगीतून मरीन ड्राइव्हवर उभ्या राहिलेल्या त्या मत्स्यालयाचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. सुरतेहून 'फ्लाइंग रानी'ने मुंबईस जाऊन मुलांना राणीची बाग आणि तारापोरवाला दाखविणे, हा आपल्यापैकी अनेकांच्या सुट्टीचा ठरलेला कार्यक्रम असे. १९५८ मध्ये रत्नागिरीस सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र निघाले. ते पुढे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आले. तेथील मत्स्यालय आणि संग्रहालय कोकणात जाणाऱ्यांनी अवश्य पाहावे.

रत्नागिरीच्या खाड्यांतील तिसऱ्यांवर १९७० च्या दशकात तत्कालीन औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातील आर. नागभूषणम् आणि यू. एच. माने यांनी पुष्कळ काम केले. समुद्रापासून दूर, दख्खनच्या पठारावरील विद्यापीठाने खाडीतल्या शिंपल्यांचा ध्यास घ्यावा, हेच मुळी कौतुकाचे. शिंपला दर तासाला किती पाणी आपल्यातून नेतो आणि पाण्याचा खारेपणा, उष्णता वगैरे बदलले की त्या वेगात काय फरक पडतो, हे माने यांनी मोजले. १९७५ मध्ये त्यांचा या विषयावरील निबंध 'हायड्रोबायोलॉजिया' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. स्वातीच्या थेंबाविषयीच्या समजुतीला मिळालेले हे मराठी संशोधकाचे उत्तर म्हणता येईल.

त्याच काळात, १९७३ मध्ये, तुतिकोरिन येथे के. अलगरस्वामी यांनी भारतातील पहिला संवर्धित गोल मोती मिळविला. पुढे तेथेच शिंपल्याची अंडी उबवून पिल्ले वाढविण्यात यश आले. पिल्ले जगविण्याचे रहस्य होते सूक्ष्म शैवालाची शेती. शिंपल्याला खाऊ घालायचे तर आधी त्याचे अन्न पिकवावे लागते. घरगुती पेटीत बहुसंख्य शिंपले मरतात ते रोगाने नव्हे, भुकेने. कारण स्वच्छ, चकचकीत पाणी माणसाला आवडते आणि शिंपल्याला ते रिकाम्या ताटासारखे वाटते.

उजेडावर जगणारा शिंपला

येथवरचे सारे शिंपले पाणी गाळून खाणारे होते. परंतु प्रवाळांच्या समुद्रात या कुळातील एक वेगळी शाखा आहे, आणि काचपेट्यांच्या शौकिनांना वेड लावले ते तिनेच. हे महाकाय शिंपले, शास्त्रीय नाव ट्रायडॅक्ना. त्यांतील सर्वांत मोठी जात मीटरभराहून लांब आणि दोनशे किलोंहून जड होते; आपल्या लक्षद्वीपात आढळणारी जात पुष्कळ लहान असते. पाणबुड्याचा पाय पकडून त्याला बुडविणारा राक्षस म्हणून ज्याच्या कथा सांगत, तो प्रत्यक्षात जागचा न हलणारा निरुपद्रवी जीव आहे. त्याचा प्रावार निळ्या, हिरव्या, जांभळ्या रंगांनी झळकत असतो आणि त्या प्रावारात सूक्ष्म शैवाले वस्तीला असतात.

ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळभिंतीवर १९२८-२९ मध्ये गेलेल्या मोहिमेचे प्रमुख सी. एम. याँग यांनी या सहजीवनाचा अभ्यास करून १९३६ मध्ये तो प्रसिद्ध केला. शिंपला आपल्या अंगावर शैवालाची शेती करतो आणि तीच खातो, असे त्यांचे मत होते. १९६७ मध्ये लेनर्ड मस्कटिन यांनी दाखविले की शैवाल प्रकाशात अन्न तयार करून त्याचा काही अंश यजमानाला देत असते. भाडेकरूने भाडे धान्याच्या रूपाने द्यावे, तसा हा व्यवहार. म्हणून या शिंपल्याला पाण्याइतकाच भरपूर उजेड लागतो.

तो पेटीत जगू लागला, त्यालाही दोन कारणे घडली. १९६१ मध्ये जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी यंत्रांचा पसारा न करता समुद्रातील सजीव खडक आणि हवेचे बुडबुडे यांवर पेटी राखण्याची आपली रीत प्रसिद्ध केली. आणि १९८० च्या दशकात पॅसिफिकमधील पलाऊ बेटांवर गेराल्ड हेस्लिंगा व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाकाय शिंपल्यांची पैदास मोठ्या प्रमाणावर करून दाखविली. समुद्रातून न उपटता वाढविलेले शिंपले बाजारात येऊ लागले.

सुरतेच्या घरात

आता प्रत्यक्ष पेटीकडे येऊ. समुद्र जवळ आहे, तर डुमसहून चार कॅन पाणी भरून आणावे, असे नवख्याला वाटते. खंबायतच्या आखाताइतकी मोठी भरती-ओहोटी भारतात अन्यत्र नाही. ती तळाचा गाळ सतत ढवळते आणि तापी त्यात आपले गोडे पाणी व गाळ मिसळते. डुमस आणि हजीरा येथील पाणी म्हणूनच तपकिरी, कधी कमी तर कधी अधिक खारट असते; शिवाय हजीऱ्याच्या बाजूला मोठे उद्योग व बंदर आहे. ते पाणी पेटीच्या कामाचे नाही. शुद्ध केलेल्या पाण्यात तयार समुद्रक्षार विरघळवून घेणे हाच मार्ग. दर हजार भागांत सुमारे ३५ भाग क्षार, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास. तापमान २५ ते २७ अंश सेल्सियस. पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४, दर लिटरमागे कॅल्शियम ४०० ते ४५० मिलिग्रॅम, आणि अमोनिया व नायट्राइट शून्य. हे झाले प्रवाळसमुद्रातील शिंपल्याचे मान. खाडीतली तिसरी याहून कमी खारे आणि अधिक उष्ण पाणी सोसते.

या आकड्यांइतकेच महत्त्व त्यांच्या स्थैर्याला आहे. चैत्र-वैशाखात सुरतेचा पारा चाळिशी गाठतो. पेटीचे पाणी तापते आणि उडते. उडते ते केवळ पाणी, क्षार मागेच राहतात. म्हणून रोजची भर नेहमी गोड्या शुद्ध पाण्याची घालावी, खाऱ्या पाण्याची कधीही नव्हे. हा एक नियम न पाळल्याने जितके शिंपले मेले असतील, तितके क्वचितच दुसऱ्या कशाने मेले असतील. वीज गेली की उष्ण पाण्यातील प्राणवायू झपाट्याने घटतो. २००६ च्या पुरात जे दिवसचे दिवस अंधारात होते, त्यांना बॅटरीवर चालणाऱ्या हवापंपाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. माशांच्या रोगांवर दिले जाणारे तांबेयुक्त औषध शिंपल्याला विष ठरते. ते त्या पेटीत थेंबभरही पडू नये.

शिंपला आणल्यावर त्याच्या पाण्यात आपल्या पेटीचे पाणी थेंबाथेंबाने मिसळत तास-दीड तास द्यावा. नवी सून घरात आली की तिला पहिल्याच दिवशी चुलीपुढे बसवू नये, हे आपल्या आज्या सांगत, त्यातलाच हा प्रकार. खडकाला रेशमासारख्या तंतूंनी धरून बसलेला शिंपला ओढून काढू नये. तंतूंच्या मुळाशी इजा झाली तर तो वाचत नाही. वाळूत राहणाऱ्या जातीला पुरून घेण्याइतका वाळूचा थर हवा. तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या गोगलगाई कवचाच्या कडेशी दिसल्या तर त्या मऊ ब्रशाने काढाव्यात. त्या शिंपल्याचा रस शोषतात.

प्रकृती ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. वरून सावली गेली की निरोगी शिंपला चटकन मिटतो आणि थोड्याच वेळात पुन्हा उघडतो. कवचाच्या कडेला नव्या वाढीची पांढरी रेघ दिसते. तोंड वासून पडलेला, सावलीला दाद न देणारा शिंपला संकटात आहे असे समजावे, आणि मेलेला दिसताच तो तत्काळ बाहेर काढावा; एका शिंपल्याचे कुजणे सबंध पेटी बुडवू शकते.

काय ठेवावे, काय ठेवू नये

आता मूळ प्रश्नाकडे यावेच लागते. महाकाय शिंपले सर्वांत देखणे, आणि दुकानात आग्रह होतो तो त्यांचाच. परंतु आपल्या समुद्रातील महाकाय शिंपल्यांच्या जाती २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत आहेत. प्रवाळांनाही तेच संरक्षण आहे. ते पकडणे, विकणे, घरी बाळगणे हा गुन्हा आहे. 'परदेशी पैदाशीचा आहे' या तोंडी आश्वासनावर विसंबून चालत नाही, कारण या कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही १९८० च्या दशकापासून निर्बंध आहेत. ज्या खिडकीच्या शिंपल्याच्या व्यापारी शक्यता एकेकाळी हॉर्नेल तपासत होते, त्यालाही २००१ मध्येच कायद्याचे संरक्षण मिळाले. कच्छच्या आखातात १९८० मध्ये सागरी अभयारण्य आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. तेथून शिंपलाही उचलता येत नाही. शंभर वर्षांत प्रश्न 'किती काढता येतील' येथून 'किती उरले आहेत' येथवर आला.

मग हौशी माणसाने काय करावे? एक मार्ग साधा आहे. बाजारात येणाऱ्या जिवंत तिसऱ्या या संरक्षित यादीत नाहीत. चार-सहा तिसऱ्या वाळूच्या थरावर, निमखाऱ्या पाण्याच्या लहान पेटीत ठेवाव्यात. खिडकीतल्या उन्हात बाटल्यांमधून हिरवे शैवाल वाढवून रोज थोडे द्यावे. रंगांचा झगमगाट मिळणार नाही. पण हिरवट पाण्यात तिसऱ्या सोडल्या आणि काही तासांनी ते पाणी नितळ झालेले नातवंडांनी पाहिले, तर खाडीचे पाणी कोण राखते हे त्यांना कोणत्याही पाठ्यपुस्तकाहून चांगले कळेल. तेवढेही जमणार नसेल, तर २०१४ मध्ये आपल्या महानगरपालिकेने पाल येथे जगदीशचंद्र बोस यांच्या नावाने मत्स्यालय उघडले, तेथे गोड्या, निमखाऱ्या आणि खाऱ्या पाण्याच्या टाक्या आहेत. तेथे जाऊन माशांची नावे विचारण्याबरोबरच टाकीतले पाणी कोठून आणतात, किती दिवसांनी बदलतात, हेही विचारावे.

आपली घराणी कधी काळी घाटावरून वा कोकणातून तापीच्या काठी आली आणि या पाण्यावर वाढली. उकाईचे धरण १९७२ मध्ये झाले, पुढे शहराला पाणी पुरविण्यासाठी नदीवर बंधारा आला, मुखाशी उद्योग आले. त्यांतून आपल्यालाही अन्न मिळाले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु खाडीत अजून शिंपला सापडतो की नाही, याची चौकशी करणारे कोणी असले पाहिजे. बडोद्याच्या दरबाराने ओखामंडळाबाबत ती केली आणि लिहून ठेवली. आपल्या घरांत जुनी कागदपत्रे, पत्रे, रोजकीर्दी असतील आणि त्यांत डुमस, हजीरा, नवसारी वा बिलिमोऱ्याच्या खाडीतील शिंपल्यांचा, कालवांचा, त्यांच्या भावाचा उल्लेख असेल, तर तो मंडळाकडे अवश्य पाठवावा. तापीच्या मुखाशी पूर्वी काय होते, हे त्यावरूनच पुढच्या पिढीला ताडून पाहता येईल.